आपोआप

'आपोआप' हा मराठीतला सर्वांत लबाड शब्द आहे, असं माझं बऱ्याच वर्षांचं मत आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी कौतुकानं म्हणालो होतो, "सकाळी उठलं की चहा कसा आपोआप समोर येतो, नाही?" दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. नऊ वाजेपर्यंत वाट बघून मी चौकशी केली, तेव्हा पेपरमधून मान वर न करता उत्तर आलं, "येईल की आपोआप!" त्या दिवसापासून हा शब्द मी जपून वापरतो. म्हणजे घरात तरी जपून वापरतो. बाहेर मात्र एकदा बेसावध राहिलो आणि एका मोटारीनं त्याची पुरेपूर किंमत वसूल केली. त्याची ही हकीकत. ओघात थोडा इतिहास येईल, पण दचकू नका. सनावळी असली तरी ती पाठ करून दाखवावी लागणार नाही.

सुरुवात साताऱ्यापासून करायला हवी. आमचे अण्णा तिथं डॉक्टर होते. १९६६ साली त्यांनी फिएट ११०० घेतली, ती 'डिलाइट' नावाची. त्या काळी मोटार घेणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यासारखं होतं. आधी नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं. गाडी दारात आली तेव्हा आईनं तिला ओवाळलं, आणि बॉनेटवर कुंकू लावताना अण्णा "रंगाला चरा पडेल" म्हणून ओरडले. अण्णांचे पेशंट शेंद्र्याला, वडूथला, कण्हेरला; आणि पेशंट अत्यवस्थ व्हायचा तो हमखास डिसेंबरातल्या पहाटे पाच वाजता. अजिंक्यताऱ्यावरून बोचरा वारा सुटलेला, आणि फिएट अंगणात मुटकुळं करून बसलेली. अशा वेळी डॅशबोर्डखालचा चोकचा नॉब बाहेर ओढायचा, स्टार्टर मारायचा, गाडी खोकत खोकत सुरू झाली की तिला जरा तापू द्यायचं आणि तो नॉब हळूहळू आत ढकलत न्यायचा. हे हळूहळू ढकलायचं काम बारा वर्षांच्या माझ्याकडे होतं. गाडी सुरू करून अण्णा बॅग आणायला, मफलर गुंडाळायला आत जायचे आणि मी पेंगुळलेल्या डोळ्यांनी नॉबवर हात ठेवून बसायचो.

"इंजिनचा आवाज चढला की बोटभर आत," अण्णांचा हुकूम असे. "गाडी अडखळली की थोडा बाहेर. मागून काळा धूर दिसला तर तू झोपलास असं मी समजेन."

अण्णा स्तुती करण्यातले नव्हतेच. काम चुकलं तर ते बोलत, बरोबर झालं तर गप्प राहत. त्यामुळे त्यांच्या मौनाला मी शाबासकी समजायचं, अशी आमच्यात एक न बोललेली तडजोड होती.

आता चोक म्हणजे काय, ते ज्यांनी हल्लीच्याच गाड्या बघितल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोल नुसतं जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. गरम इंजिनाला वजनानं एक भाग पेट्रोल आणि साधारण पंधरा भाग हवा असं मिश्रण मानवतं. हे मिश्रण तयार करणारा तो कार्ब्युरेटर. पण थंडीत ओले कपडे वाळत नाहीत, तशी थंडीत पेट्रोलची वाफही होत नाही. निम्मं पेट्रोल नळीच्या भिंतींनाच चिकटून बसतं आणि इंजिन उपाशी राहतं. मग करायचं काय? तर कार्ब्युरेटरच्या घशात एक चपटी झडप बसवायची, ती मिटली की हवा कोंडते, ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. जास्त खेचलं की त्यातल्या थोड्याची तरी वाफ होतेच. चोक म्हणजे इंग्रजीत गळा दाबणं. एखाद्याचा गळा दाबला की तो जागा होतो, हे तत्त्व विज्ञानानं इथं प्रथमच लोककल्याणासाठी वापरलं. मात्र इंजिन तापल्यावर गळा सोडायला हवा, नाहीतर ते काळा धूर ओकतं, पेट्रोल पितं आणि शेवटी गुदमरून बंद पडतं.

मोटारीच्या घशाची ही दुखणी मोटारीइतकीच जुनी आहेत. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावच्या कार्ल बेंझची बायको बर्था एका पहाटे नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन निघाली. बरोबर दोन मुलगे. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. कुठं गेली? फॉर्झहाइमला, माहेरी! जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा माहेरपणासाठी झाला, ही गोष्ट मी आमच्या घरी एकदाच सांगितली आणि नंतर पश्चात्ताप केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाबाईंनी टोपीला लावायच्या लांब पिनेनं साफ केली. विजेच्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून कपड्यांचे डाग काढायचं लिग्रॉइन विकत घेतलं. म्हणजे जगातला पहिला पेट्रोलपंप औषधाच्या दुकानात निघाला आणि पहिला मेकॅनिक म्हणजे एक गृहिणी. गाडी 'आपोआप' माहेरी पोचली, असं कार्लला वाटलं असेल, तर त्याला माझा सहानुभूतीपूर्वक नमस्कार.

पुढं १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म माइबाखनं पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर केला. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. तिला पुढं उभं राहून हँडल मारावं लागे आणि चोकची तार रेडिएटरजवळून बाहेर काढलेली असे, म्हणजे एका हातानं चोक आणि दुसऱ्यानं हँडल. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली चार्ल्स केटरिंगनं कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर दिला आणि मनगटं वाचली. उरली होती ती चोकची कटकट. माणूस चोक ओढायचा आणि परत ढकलायला विसरायचा. प्रत्येकाच्या घरात काही बारा वर्षांचा मुलगा नसतो. मग अमेरिकन लोकांनी विचार केला, की हा मुलगाच यंत्रात बसवता आला तर? १९३२ च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत स्वयंचलित चोक आला आणि पुढं तो अमेरिकेत सर्रास झाला. आपल्याकडच्या फिएटला आणि अँबॅसडरला मात्र ओढायचा चोकच राहिला. आपल्याकडे मुलांची टंचाई कधीच नव्हती.

यंत्रातला हा मुलगा म्हणजे दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून गुंडाळलेली एक स्प्रिंग. दोन्ही धातू तापल्यावर फुगतात, पण एक जास्त आणि एक कमी. त्यामुळे जोडपट्टी तापली की वाकते आणि गार झाली की पूर्ववत होते. संसारात दोन भिन्न स्वभावांची माणसं एकत्र बांधली की होतं तेच. ही जोडपट्टी मूळची मोटारीची नव्हेच, तिची जन्मकथा समुद्रावरची आहे. जहाज पूर्व-पश्चिम किती सरकलं हे कळायला अचूक घड्याळ लागतं, आणि ते कोणाकडेच नव्हतं. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटनं या प्रश्नाच्या उत्तरासाठी वीस हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन नावाचा एक सुतार त्यामागं लागला. थंडी-उन्हानं घड्याळाची चाल बदलते, त्यावर त्यानं आपल्या तिसऱ्या घड्याळात पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी बसवली. त्या एका घड्याळावर तो एकोणीस वर्षं खपला. चौथं घड्याळ १७६१ साली जमैकाला निघालं, तेव्हा म्हातारा हॅरिसन घरी राहिला आणि घड्याळाबरोबर त्याचा मुलगा विल्यम गेला. बक्षिसाची उरलेली मोठी रक्कम हॅरिसनच्या हातात पडली ती १७७३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सरकारी बिलं उशिरा निघण्याची परंपरा किती जुनी आहे बघा! तर सांगायचं म्हणजे, जहाज वाट चुकू नये म्हणून एका सुतारानं केलेली पट्टी दोन शतकांनी अमेरिकन मोटारीच्या घशात जाऊन बसली.

अशी एक मोटार माझ्याही नशिबी आली. १९७९ साली मी इंजिनियर म्हणून शिकागोला गेलो. तिथं बस वेळेवर येते, पण आपल्या घराकडे येत नाही. त्यामुळे जुनी का होईना, गाडी घ्यावी लागते. मी घेतलेल्या गाडीचं नाव सांगणार नाही. जुन्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यामागं आदर होता म्हणतात. माझ्या न सांगण्यामागं तो नाही. आठ सिलिंडरचं इंजिन आणि आमच्या साताऱ्याच्या माजघराएवढा बॉनेट. विकणारा म्हणाला, "हिला सगळं आपोआप आहे. गिअर आपोआप, चोक आपोआप." मी भाळलो. साताऱ्याच्या पहाटेचा सूड उगवल्यासारखं वाटलं.

१९८३ साली आई गेली. अण्णा एकटे पडले. वर्षभर पत्रांतून मनधरणी केली, तेव्हा १९८४ च्या नोव्हेंबरात ते शिकागोला यायला तयार झाले. त्यांना कायमचंच ठेवून घ्यायचं, असं मी आणि हिनं ठरवलं होतं. अण्णांना ते अर्थातच सांगितलं नव्हतं.

ओहेअर विमानतळावरून त्यांना घेऊन पार्किंगमध्ये आलो. त्यांच्या अंगावर माझा जुना ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी. मी ऐटीत दार उघडलं, त्यांना बसवलं आणि किल्ली फिरवली. गाडी कण्हली. ॲक्सिलरेटरवर दोन-चार लाथा मारून पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हली.

"चोक ओढ," अण्णा म्हणाले.

"अण्णा, या गाडीला चोक ओढायचा नसतो. आपोआप लागतो."

"मग लागला का?"

"लागला असेल."

"असेल म्हणजे? तू बघितलास?"

"तो दिसत नाही, अण्णा."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे देवासारखं आहे. ठीक आहे. वाट बघू."

देव पावेना. आत पेट्रोलचा वास भरला. शेवटी शेजारच्या गाडीतला एक म्हातारा खाली उतरला, खिडकीशी आला आणि म्हणाला, की गाडी फ्लड झालीय. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेव आणि मग स्टार्टर मार. तसं केल्यावर गाडी सुरू झाली. (पाय पूर्ण दाबला की एक तरफ झडपेला जबरदस्तीनं उघडते आणि साचलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं, हे मला नंतर कळलं.) घरापर्यंत आमच्यामागं असा काळा धूर होता की एखादी रेल्वेच येतेय असं वाटावं. वाटेत अण्णा एकच वाक्य बोलले, "हिला दमा आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला खुडबुड ऐकून मी खाली गेलो. प्रवासानं झोप उलटीपालटी झालेले अण्णा गॅरेजमध्ये टॉर्च घेऊन उभे होते. "बॉनेट उघड," ते म्हणाले. "घसा बघू."

त्यानंतर जे झालं ती दुरुस्ती नव्हती, ती तपासणी होती. मी आधी गॅरेजचं दार उघडलं, कारण बंद जागेत इंजिन चालवलं तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला गुपचूप मारतो. डॉक्टरांना हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आधीच तोंडावर मफलर घेतला होता. एअर फिल्टरचं मोठं झाकण काढलं. खाली कार्ब्युरेटरचा घसा आणि त्यात ती झडप. रात्रभर गार पडलेली गाडी, पण झडप उघडीच!

"थंडीत मिटायला हवी ना?" अण्णा.

तेव्हा मी प्रथमच गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं: गार गाडी सुरू करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून सोडावा. झडपेला जोडलेलं पायऱ्यापायऱ्यांचं एक छोटं चाक असतं. पाय दाबल्याशिवाय ते फिरत नाही, आणि ते फिरल्याशिवाय झडप मिटत नाही. म्हणजे आपोआपलासुद्धा आधी सांगावं लागतं, 'बाबा, आपोआप कर.' आणि मी विमानतळावर चार-चारदा लाथा मारून दर खेपेला आत पेट्रोलची पिचकारी सोडत होतो.

मी एकदाच पाय दाबला. झडप पाऊण मिटली आणि कुरकुरत थांबली. अण्णांनी बोटानं हलवून पाहिली. "चिकटा आहे. घशात कफ." वर्षानुवर्षांच्या पेट्रोलचा तो गोंद होता. कार्ब्युरेटर साफ करायच्या फवाऱ्यानं दांडीची दोन्ही टोकं धुतली, तशी झडप फुलपाखरासारखी हलायला लागली. मी तेलाची बुधली पुढं केली, तर अण्णांनी हात झटकला. "तेल लावलंस तर धूळ बसेल आणि महिन्याभरात पुन्हा कफ."

मग इंजिन सुरू करायची वेळ आली. मी झडपेत डोकावून उभा होतो, तर अण्णांनी मला खांद्याला धरून मागं ओढलं. "घसा बघताना पेशंट खोकतो. तोंड बाजूला घ्यायचं." आणि खरोखरच इंजिन खोकलं आणि त्या घशातून वीतभर जाळ बाहेर आला. माझ्या भुवया आज जाग्यावर आहेत त्या वैद्यकीय शिक्षणामुळे.

इंजिन सुरू होताच झडप दोन सूत उघडली. हे एका रबरी पडद्याच्या डबीचं काम; इंजिनाच्या ओढीनं ती झडपेला किंचित मागं खेचते, म्हणजे पहिला श्वास घेता येतो. "प्रतिक्षेप चांगला आहे," असा शेरा मिळाला. आता पाच-सात मिनिटांत स्प्रिंग तापून झडप पूर्ण उघडायला हवी होती. पाच झाली, दहा झाली. झडप होती तिथंच. मागून काळा धूर. अण्णांनी स्प्रिंगच्या गोल डबीवर बोट ठेवलं. इंजिन तापलं होतं आणि डबी गार! एक्झॉस्टपाशी तापलेली हवा त्या डबीपर्यंत आणणारी एक बारीक नळी असते. ती खालच्या बाजूला गंजून तुटली होती. बिचाऱ्या स्प्रिंगला बातमीच पोचत नव्हती. बाहेर वैशाख लागला तरी ती आपली माघातच.

नवी नळी येईपर्यंत गाडी वापरायची कशी? अण्णांनी स्वयंपाकघरातून आइस्क्रीमची लाकडी काडी आणली, जिभेवर दाबतात तशी ती झडपेत अडकवली, आणि इंजिन तापलेलं असताना झडप उघडीच राहील अशी सोय केली. रोज सकाळी मी गाडी सुरू करायचो, तापली की इंजिन बंद करायचो, बॉनेट उघडायचो, काडी घालायचो आणि पुन्हा सुरू करून निघायचो. संध्याकाळी काडी काढायचो. वयाच्या तिसाव्या वर्षी, इंजिनियर होऊन, सातासमुद्रापलीकडे येऊन मी पुन्हा चोकवर बसलो होतो.

नळी आली. ती बसवल्यावर शेवटचं काम राहिलं ते डोस ठरवण्याचं. स्प्रिंगच्या डबीचं झाकण तीन स्क्रूंनी बसवलेलं असतं, त्यावर एक रेघ आणि कडेला खुणा. एकीकडे फिरवलं की चोक जास्त वेळ लागतो, दुसरीकडे की कमी. मी उत्साहानं चार खुणा फिरवल्या. अण्णांनी तीन परत घेतल्या. "एका वेळी एक. मग एक रात्र थांबायचं. पेशंटला वेळ द्यायचा." गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय नवा डोस कळत नाही, म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. तीन दिवसांत जमलं.

खरी परीक्षा २० जानेवारी १९८५ ला झाली. रविवार होता. शिकागोचा पारा फॅरनहाइटच्या उणे २७ वर, म्हणजे सेल्सिअसच्या उणे ३३ च्या आसपास गेला होता. दुसऱ्या दिवशीचा अध्यक्ष रेगन यांच्या शपथविधीचा उघड्यावरचा समारंभ वॉशिंग्टनमध्ये थंडीमुळे घरात घ्यावा लागला, तोच हा आठवडा. पण ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि हॉस्पिटलला रविवार नसतो. आदल्या रात्री अण्णांनी मला गाडीची बॅटरी काढून घरात आणायला लावली आणि रात्रभर ती माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी ठेवली. पहाटे बॅटरी जोडली. गल्लीत एकामागून एक गाड्या कण्हत होत्या आणि गप्प होत होत्या. ही स्टिअरिंगवर बसली.

"सूनबाई, पाय एकदा दाब. सोड. आता मार."

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा इंजिननं घसा खाकरला आणि ते धडधडायला लागलं. अण्णा माकडटोपी कानांवर ओढून बॉनेटशी उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. झडप दोन सूत उघडली. मग काही काळ काहीच झालं नाही. मग अगदी दिसेल न दिसेल अशी ती सरकायला लागली. मोरपिशी पहाटेचा उजेड पसरावा तशी. कोणी ढकलत नव्हतं, कोणी हुकूम देत नव्हतं. आवाज चढला की बोटभर, आणि पुन्हा बोटभर. शेवटी झडप ताठ उभी राहिली.

अण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे काम फिएटमध्ये तू करायचास." थोडं थांबून, दुसरीकडे बघत म्हणाले, "चांगलं करायचास."

उणे तेहतीसमध्ये डोळ्यांत पाणी आलं तर ते गोठतं, अशी माझी समजूत होती. गोठत नाही.

चोकचा पुढचा इतिहास फार लांबला नाही. अमेरिकेत १९७० साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला होता. मिटलेल्या चोकमधून न जळलेलं पेट्रोल आणि विषारी वायू बाहेर पडतात, म्हणून झडप लवकर उघडावी यासाठी स्प्रिंगला विजेची शेगडी आली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा १९९० च्या आसपास नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटरच गेला. पेट्रोल मोजून सोडायचं काम इंजेक्शनला आणि कॉम्प्युटरला मिळालं. भारतात तेच २००० च्या सुमारास घडलं. फिएटचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी; तिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. माझ्या मुलीची गाडी तर आता विजेवर चालते. तिला घसाच नाही, तर दाबणार काय? ती सुरू झाली की नाही तेसुद्धा मला दोनदा विचारावं लागतं.

पण मला सांगायचं होतं ते १९८५ च्या मार्चमधलं. बर्फ वितळलं तसा मी अण्णांपुढं विषय काढला. म्हणालो, "आता साताऱ्याला कशाला जाताय? इथंच राहा. इथं सगळं आपोआप आहे. कपडे आपोआप धुतले जातात, भांडी आपोआप घासली जातात, घर आपोआप गरम होतं. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले.

एवढंच. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. साताऱ्यात फिएट उभी होती, तिला चोक ओढावा लागत होता. दवाखान्याच्या बाकावर पेशंट असतील. ती नळी गंजली होती तेव्हा स्प्रिंग बिघडलेली नव्हती, तिच्यापर्यंत ऊब पोचत नव्हती, हे मी माझ्या हातांनी बघितलं होतं. अण्णांची ऊब कुठून येते, हे मला कळायला हवं होतं. पुढच्याच शनिवारी त्यांना ओहेअरला पोचवलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पार्किंगमधून निघताना त्यांनी कौतुकानं म्हणा की रागानं म्हणा, बॉनेटवर एक थाप मारली.

रविवारी सकाळी मी खाली आलो. टेबलाशी ही बसलेली. मी तिच्यासमोर बसलो. दोघं पेपर वाचत राहिलो. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मग आम्ही एकदमच मान वर केली आणि गॅसकडे बघितलं.

गेले चार महिने मला वाटत होतं की चहा ही करते, आणि तिला वाटत होतं की एवढं सुनावल्यावर मी करायला लागलो. पहाटे कोण उठतंय, हे आम्हा दोघांनाही एकमेकांना विचारायचं सुचलं नव्हतं.

"अहो," ही म्हणाली, "मी टाकते."

"राहू दे," मी म्हणालो आणि उठलो. "आज मी ठेवतो."